कृष्णकमळ, बॉथेल आणि न आलेलं फुलपाखरू

आई पहिल्यांदा माझ्याकडे बॉथेलला आली तेव्हा तिच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि औषधाच्या एका जुन्या डबीत कापसात गुंडाळलेल्या पंधरा-वीस बिया होत्या. साताऱ्याच्या घरी गच्चीवर तिची कृष्णकमळाची वेल आहे, तिच्या बिया. "तुझ्याकडे आपलं काहीतरी फुलू दे," असं तिचं म्हणणं. विमानतळावरच्या फॉर्मवर तिनं प्रामाणिकपणे 'बिया आहेत' अशी खूण केली आणि डबी तिथेच राहिली. परवान्याशिवाय बिया आणू देत नाहीत, आणि तो नियम मला पटतो. पीएचडीची पाच वर्षं मी वनस्पतींच्या प्रवासाचा इतिहासच वाचत होते. कुठून आलेल्या कुठल्या बीनं काय गोंधळ घातला याची यादी मला पाठ आहे. पण हे आईला कोण सांगणार? घरी पोचेपर्यंत तिनं तो विषय तीनदा काढला.

त्यातली गंमत मला नंतर जाणवली. आई जी वेल इतकी जपून अमेरिकेत आणत होती, ती मुळात अमेरिकेचीच आहे.

शेवटी मी इथल्याच एका नर्सरीतून निळं कृष्णकमळ आणलं, पॅसिफ्लोरा सेरुलिया, आणि दक्षिणेकडच्या भिंतीशी लावलं. दुसऱ्या उन्हाळ्यात ते फुललं. व्हिडिओ कॉलवर फूल दाखवलं, तर आईनं आधी पांडव मोजले आणि मग विचारलं, "फुलपाखरं येतात का गं?" साताऱ्याला तिच्या वेलीभोवती नारिंगी फुलपाखरं कायम घुटमळत असतात. माझ्याकडे आता तीन उन्हाळे झाले. मधमाश्या येतात, गुबगुबीत भुंगे येतात, एकदा हमिंगबर्डही डोकावून गेला. त्या वेलीसाठी म्हणून आलेलं फुलपाखरू मात्र एकही नाही.

का येत नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं तर थेट चारशे वर्षं मागं जावं लागतं. चला.

तुमच्यापैकी बरेच जण इंग्रजीत वाढलात, म्हणून आधी नावाचा घोळ सोडवू. 'पॅशन फ्लॉवर' हे नाव ऐकून पुष्कळांना प्रेमबिम आठवतं. इथल्या 'पॅशन'चा अर्थ आहे यातना, येशूला क्रुसावर चढवलं त्या दिवसाच्या यातना. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये जाकोमो बोसिओ नावाचा लेखक क्रुसावर एक मोठा ग्रंथ लिहीत होता. मेक्सिकोत जन्मलेल्या एका ऑगस्टिनियन धर्मगुरूनं, इमॅन्युएल दे विलेगासनं, त्याला एका अद्भुत फुलाची चित्रं दाखवली. बोसिओचा आधी विश्वासच बसेना. असं फूल असू शकतं हेच त्याला अतिशयोक्त वाटलं. मग मेक्सिकोहून आलेल्या इतरांनीही तेच सांगितलं, आणि 1610 साली आलेल्या त्याच्या ग्रंथात हे फूल दाखल झालं.

त्या परंपरेत फूल असं वाचतात: मधले तीन भाग म्हणजे तीन खिळे, खालचे पाच म्हणजे पाच जखमा, भोवतीच्या तंतूंचं वलय म्हणजे काट्यांचा मुकुट. काटे किती? परंपरेनं सांगितलेला आकडा 72. दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य. बारातून विश्वासघात करणारा ज्यूडास आणि ओळख नाकारणारा पीटर वजा. पुढे लिनियसनं 1753 साली वनस्पतींची नावं पक्की केली तेव्हा 'पॅसिफ्लोरा' हे नाव कायम झालं. ते लॅटिन आहे, आणि त्यातही तेच यातनांचं फूल.

आता आईचं फूल घ्या. तेच तीन भाग म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. तेच पाच म्हणजे पांडव. आणि भोवतीचे तंतू म्हणजे शंभर कौरव. तिथे 72, इथे 100! खरं तर तंतूंचा आकडा जातीगणिक आणि फुलागणिक बदलतो. एका दुपारी मी माझ्या वेलीवरची दोन फुलं चिमट्यानं मोजली आणि दोन वेगळे आकडे आले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यात दुःशला धरली असशील." शंभर भावांची ती एकुलती बहीण. महाभारताला उत्तर नाही असं होतच नाही.

जपानी लोकांना याच फुलात घड्याळ दिसलं, मधले तीन भाग म्हणजे काटे. बंगालीत त्याला झुमको लता म्हणतात, म्हणजे कानातल्या झुमक्यांची वेल. प्रत्येकानं आपल्या घरात जे होतं ते त्या फुलात पाहिलं.

पण अमेरिकेत त्याला आधीच घर होतं, हे युरोपच्या गोष्टीत नेहमी गळतं. पॅसिफ्लोराच्या पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या अमेरिका खंडांतल्या. आग्नेय अमेरिकेत उगवणारी मेपॉप ही जात तिथले मूळ रहिवासी युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून खात होते. उत्खननांत तिच्या बिया सापडतात. व्हर्जिनियात आलेल्या पहिल्या इंग्रजांनी 'मॅराकॉक' या स्थानिक नावानं तिची नोंद केली. टेनेसीतल्या ओकोई नदीचं नावही या वेलीच्या चेरोकी नावावरून आलं असं सांगतात. त्या लोकांना तिच्यात खिळेही दिसले नाहीत आणि पांडवही. त्यांना फळ दिसलं.

इथे एक आठवण करून देते. बोसिओचा ग्रंथ आला त्याच दशकात, 1616 साली, गोव्यात रायतूरला थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांत. म्हणजे रोममध्ये येशूच्या यातना मेक्सिकोच्या फुलात वाचल्या जात होत्या, तेव्हाच त्या यातनांची कथा मराठीत सांगितली जात होती. मिरची, पेरू, बटाटा ही मंडळीही अमेरिकेतूनच आपल्याकडे आली. सीताफळ तर नावापासूनच रामायणात जाऊन बसलं. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, गजऱ्यातला निशिगंध मेक्सिकोचा, देवळाजवळचा पांढरा चाफाही तिकडचाच. आपण बाहेरचं झाड घेतो तेव्हा त्याला आधी पुराणात जागा देतो आणि मग परसात. मला ही पद्धत मनापासून आवडते. फक्त ती दिलेली जागा आहे, वारशानं आलेली नाही, एवढं आठवणीत असावं.

ही झाली माणसांची बाजू. आता अळ्यांची, कारण फुलपाखराचं उत्तर तिथे आहे.

फुलपाखरू फुलावर येतं ते मध प्यायला, आणि मध कुठलाही चालतो. अंडी मात्र ते ठरावीक झाडांच्या पानांवरच घालतं, कारण अळी तीच पानं खाऊ शकते. कृष्णकमळाच्या पानांत सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं असतात. बहुतेक किडे त्याच्या वाटेला जात नाहीत. काही फुलपाखरांच्या अळ्यांनी मात्र ते विष पचवलं, इतकंच नाही, तर ते आपल्या बचावाला वापरलं. म्हणून ही फुलपाखरं भडक रंगाची आणि संथ उडणारी असतात. पक्ष्याला ती जणू सांगत असतात, खाऊन बघ, पस्तावशील. 1964 साली स्टॅनफर्डच्या पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या दोघांनी फुलपाखरं आणि वनस्पती एकमेकांना कशा घडवत गेल्या यावर प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि तेव्हापासून कृष्णकमळ हे या विषयाचं आवडतं उदाहरण होऊन बसलं.

त्यातला माझा लाडका किस्सा खोट्या अंड्यांचा. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस फुलपाखरांच्या अळ्या भुकेल्या असतात आणि एकमेकींची अंडीही खातात. त्यामुळे मादी आधीच अंडं असलेल्या पानावर सहसा अंडं घालत नाही. काही वेलींनी काय केलं, तर पानांवर आणि प्रतानांवर पिवळे, अंड्यासारखे दिसणारे फुगवटे आणले. फुलपाखरू येतं, बघतं, 'जागा भरलेली दिसते' म्हणून निघून जातं. 1981 साली विल्यम्स आणि गिल्बर्ट यांनी प्रयोगानं दाखवून दिलं की ही फसवणूक खरोखर चालते. एसटीत सीटवर रुमाल टाकून जागा धरणं आठवलं ना?

मग साताऱ्याच्या गच्चीवर कोण येतं? हेलिकोनियस भारतात नाहीत. आईच्या वेलीवर येतं ते टॉनी कोस्टर, नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेलं, हळू उडणारं, चिमटीत धरलं की पिवळा द्रव सोडणारं. त्याचं शास्त्रीय नाव अक्रिया टर्प्सिकोरी. जुन्या पुस्तकांत अक्रिया व्हायोले. व्हायोले म्हणजे व्हायोलेटची. माळावर उगवणारी रतनपुरुष नावाची छोटी जांभळी वनस्पती व्हायोलेटच्या कुळातली आहे, आणि ती या फुलपाखराचं जुनं खाद्य. कृष्णकमळाचं कूळ आणि व्हायोलेटचं कूळ एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत. शिवाय कृष्णकमळाच्या कुळातली अडेनिया नावाची एक रानवेल सह्याद्रीत पूर्वापार आहेच. सतराव्या शतकात कोचीनला 'होर्तुस मलबारिकुस' हा वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार झाला, त्यात ती 'मोदेक्का' या मल्याळी नावानं येते. त्याच ग्रंथाच्या 1678 सालच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलेलं आहे. युरोपात छापलेली ती पानं बघताना मला दरवेळी थोडं भरून येतं, पण तो वेगळा लेख.

तर मुद्दा असा की अमेरिकन वेल भारतात आली तेव्हा तिची पानं खायला तयार असलेलं फुलपाखरू इथे आधीपासून होतं. त्याला फक्त ताटात नवा पदार्थ वाढला गेला. कृष्णकमळ साताऱ्यात 'आपलं' झालं ते दोघांमुळे: गोष्ट सांगणाऱ्यांमुळे आणि टॉनी कोस्टरमुळे. आणि टॉनी कोस्टरही साताऱ्यात बसून राहिलेलं नाही. भारत आणि श्रीलंकेचं हे फुलपाखरू गेल्या काही दशकांत थायलंड, मलेशिया करत 2006 मध्ये सिंगापूरला आणि 2012 मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियात पोचलं. व्हिसा वगैरे काही नाही.

सह्याद्रीच्या दक्षिण भागात याच कुळावर वाढणारं आणखी एक देखणं फुलपाखरू आहे. लंडनच्या ईस्ट इंडिया म्युझियममध्ये काम करणाऱ्या फ्रेडरिक मूरनं 1872 साली त्याला नाव दिलं सेथोसिया महरत्ता. महरत्ता म्हणजे आपण. या फुलपाखराच्या अळ्या अडेनियावर वाढतात. एका फुलपाखराच्या नावात मराठे आहेत आणि हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही, याचा मला अजून थोडा राग आहे.

आता बॉथेल. शहर किंग आणि स्नोहोमिश या दोन काउंटींत वाटलेलं, मधून समामिश नदी वाहते. भारतीय कुटुंबं पुष्कळ, देऊळ आहे, उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाही आणि हिवाळ्यात ऊन जवळजवळ नाही. निळं कृष्णकमळ इथे तग धरतं. कडक गोठलं तर वरचा भाग काळा पडतो, वसंतात बुडापासून पुन्हा फुटतं. झाडाला अडचण नाही.

अडचण फुलपाखराला आहे. अमेरिकेत कृष्णकमळावर वाढणारं सर्वांत पसरलेलं फुलपाखरू म्हणजे गल्फ फ्रिटिलरी, नारिंगी, पंखांखाली चांदीचे ठिपके. कॅलिफोर्नियात पॅसिफ्लोराची एकही जात मुळातली नाही, तरीही हे फुलपाखरू तिथे राहतं, केवळ लोकांनी बागांत लावलेल्या वेलींवर. 1870 च्या दशकात ते सॅन डिएगोच्या आसपास दिसू लागलं, 1908 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पोचलं. सॅक्रामेंटोत 1960 च्या दशकात जम बसला, नंतर ते नाहीसं झालं आणि 2009 मध्ये परत आलं. कुंपणावरून कुंपणावर, बागेवरून बागेवर असा हा प्रवास. पण ते थंडीत गोठून मरतं, त्याची अळी झोप घेऊन हिवाळा काढत नाही. बॉथेलच्या जानेवारीत त्याचा निभाव नाही.

माझ्या मजल्यावरचा एक मित्र म्हणाला, अळ्या ऑनलाइन मागव की! अगं नको, म्हणजे अरे नको. जिवंत फुलपाखरं आणि अळ्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला इथे कृषी खात्याचा परवाना लागतो. आईच्या बियांना जो नियम, तोच. आणि परवाना मिळवून आणली, तरी ऑक्टोबरपर्यंतच. माझ्या फोटोसाठी जिवांना मरायला बोलावण्यात मला तरी अर्थ वाटला नाही.

बॉथेलला विद्यापीठाच्या आवाराला लागून नॉर्थ क्रीकची 58 एकरांची पाणथळ जमीन आहे. पूर्वी तिथे कालवे काढून शेती-कुरणं केली होती. आवार उभं राहताना ओढ्याला पुन्हा वळणं दिली आणि देशी झाडं लावली. हिवाळ्याच्या संध्याकाळी हजारो कावळे तिथे वस्तीला येतात, नक्की बघा. तिथे सतत उपटावं लागणारं एक झुडूप म्हणजे हिमालयन ब्लॅकबेरी. नाव हिमालयाचं, झाड आर्मेनियाकडचं. ल्यूथर बरबँक या प्रसिद्ध बागायतदाराला भारतातून बिया मिळाल्या आणि त्यानं 1885 च्या सुमारास 'हिमालया जायंट' या नावानं ती विकायला काढली. इथल्या प्रत्येक ओढ्याकाठी आज आपल्या नावानं हे काटेरी जाळं माजलेलं आहे, आणि आपला त्याच्याशी संबंध नाही. कृष्णकमळाच्या बरोबर उलटं.

त्याच पाणथळीत जून-जुलैत मोठी पिवळी स्वॅलोटेल फुलपाखरं आणि काळ्या पंखांवर पांढरा पट्टा असलेली लॉर्क्विन्स ॲडमिरल दिसतात. त्यांच्या अळ्या विलो, कॉटनवूड अशा झाडांवर वाढतात. रेड ॲडमिरलची अळी अंगाला लागली की आग होणाऱ्या नेटलवर. म्हणजे बॉथेलला फुलपाखरं भरपूर आहेत, पण त्यांचं जेवण माझ्या भिंतीवर नाही. आणि कृष्णकमळाच्या फुलपाखरांचे इथले जवळचे भाऊबंद म्हणजे इतर फ्रिटिलरी. त्यांच्या अळ्या काय खातात माहीत आहे? व्हायोलेट. रतनपुरुषाचीच भावकी. त्यातलं ओरेगन सिल्व्हरस्पॉट 1980 पासून संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत आहे. किनाऱ्यालगतची व्हायोलेटची कुरणं गेली तसं ते वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरून नाहीसं झालं. सिअ‍ॅटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयात त्याच्या अळ्या वाढवून ओरेगनच्या किनाऱ्यावर सोडतात.

हे सगळं वाचून तुम्ही कृष्णकमळ लावू नका असं मी म्हणत नाहीये. टेक्सास, फ्लोरिडात असाल तर जरूर लावा, आणि तिथली देशी जात लावा. अळ्या पानं फस्त करतील, करू द्या. वॉशिंग्टनमध्ये असाल तर दक्षिण किंवा पश्चिमेची भिंत बघा, पाणी साचणार नाही अशी माती करा, हिवाळ्यात बुडाशी पाचोळ्याचा थर द्या. मेपॉप जमिनीखालून धावते, म्हणून ती शक्यतो मोठ्या कुंडीतच, आणि ओढ्याच्या किंवा रानाच्या कडेला तर नकोच. फूल सुंदर असतं, भुंग्यांना मध मिळतो, आणि आईला पांडव मोजता येतात. फक्त ती 'फुलपाखरांची वेल' म्हणून विकत असतील तर आधी विचारा, कुठल्या फुलपाखरांची आणि कुठल्या गावची.

माझ्या भिंतीशी वेल आहे तशीच आहे. तिच्या पायाशी यंदा मी इथली देशी व्हायोलेट लावली आहे. दोन्ही काउंटींत देशी रोपांची विक्री भरते, तिथून आणली. त्यावर सिल्व्हरस्पॉट येणार नाही, मला माहीत आहे. त्याचं रान किनाऱ्यावर होतं.

आईला हे सगळं एका रविवारी फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या पानं खाणाऱ्या काटेरी अळ्या होत्या, त्याच ही फुलपाखरं?" गेली कित्येक वर्षं ती त्या अळ्यांवर तंबाखूचं पाणी मारत होती. संध्याकाळी फुलपाखरांचं कौतुक आणि सकाळी फवारा.

मागच्या आठवड्यात तिनं फोटो पाठवला. पानाच्या खालच्या बाजूला पिवळ्या अंड्यांचा दाट पुंजका, थोडा धूसर, कारण एका हातानं पान उलटं धरून दुसऱ्या हातानं काढलेला. खाली लिहिलं होतं, "हीच का गं ती? फवारा बंद केलाय."